खोक्यातली बोट

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बीएस्सी, इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास. हे मी कुणी न विचारता सांगते आणि विचारलं तर दोनदा सांगते. माझ्या आधीच्यांनी समुद्रातून काय काय काढलं, पण विद्यापीठातून कागद कुणी काढला नव्हता. आईने तो लॅमिनेट करून भिंतीवर लावला, देवाच्या फोटोच्या दोन बोटं खाली. तेवढा मान तिने देवाला ठेवला.

एवढं शिकून मी काय केलं? अलिबागला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि सुट्टीच्या दिवशी घरी सिंथेसायझर बनवायला बसले. सिंथेसायझर म्हणजे विजेतून सूर काढणारं वाद्य. दुकानात ते तयार मिळतं, पेटीसारख्या पट्ट्यांचं, गुळगुळीत. पण तयार घेण्यात कसली अक्कल? मला ते मुळापासून करायचं होतं. एक चिप, चार कपॅसिटर, फिरवायची बटणं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तारा मी बोटीवरच्या मासे शोधायच्या एका मेलेल्या यंत्रातून उपसल्या. मेल्यावर तरी ते यंत्र काही शोधायच्या कामी आलं.

थळच्या कोळीवाड्यात हे समजावून सांगणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. आईला म्हटलं, "आये, वीज असते ना, ती या चिपमधून सोडायची. ती थरथरते. ती थरथर स्पीकरला दिली की आवाज येतो."

आई बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आपला मिक्सर पन थरथरतो. त्याला कॉलेजात जावं लागलं नाय."

परदेशातले लोक व्हिडिओत फार प्रेमाने सांगतात, तुमचं सर्किट कोरड्या जागी ठेवा. कोरडी जागा! आमच्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. तांब्याच्या तारेवर आठवड्यात हिरवं चढतं. मग मी प्रत्येक जोडावर नेलपॉलिश फासायला लागले. माझ्या टेबलावर नेलपॉलिशच्या सहा बाटल्या पाहून शेजारच्या काकींनी आईला सांगितलं, "चल, पोर सुधारली." पुढे त्यांना कळलं की मी त्या डब्यांना लावते. तेव्हापासून त्या माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघतात.

हे सगळं चालायचं मागच्या जाळ्यांच्या खोलीत. बाबा बोटीवर इंजिन सांभाळायचे तेव्हा जाळी, दोर, बोये सगळं त्या खोलीत असायचं. बाबांचे गुडघे गेले, बोट सुटली, खोली मोकळी झाली आणि मी तिच्यात घुसले. वर पत्रा, खिडकी किनाऱ्याकडे, भिंतींना पिढ्यान्‌पिढ्यांचा सुकटीचा वास. सोल्डरिंगच्या धुराने त्या वासात थोडी सुधारणाच झाली म्हणायची.

पण त्या खोलीवर माझ्या मोठ्या भावाचा डोळा होता. त्याला होमस्टे काढायचा होता. आमच्या किनाऱ्यावर हल्ली कुणाकडे एक झोपाळा आणि एक कमोड असला की त्याचा होमस्टे होतो. बोर्डावर 'सी-व्ह्यू' लिहायचं. आमच्या मागच्या खोलीतून समुद्र दिसतो, नाही असं नाही. फक्त पाहुण्याला लोखंडी पेटीवर चढून मान डावीकडे मोडावी लागते.

"अटॅच करायचं," भाऊ म्हणायचा. अटॅच म्हणजे खोलीला लागून संडास-बाथरूम. "अटॅच नसेल तर मुंबईची पार्टी येतच नाय. नाताळला फुल्ल सीझन असतो. हिचे डबे उचल ना, आये. डब्यात काय पाव्हणे राहनार हायत?"

आईने दोघांचं ऐकून घेतलं. आमची आई मासळी विकते, त्यामुळे तिला दोन्ही बाजूंचं ऐकून मधला भाव काढायची सवय आहे. मला म्हणाली, "तू बोलतंस हे संगीत हाय. बरं. नातालच्या आत मना एक गाना वाजवून दाखव. मना कलला पायजे कनचा गाना ते. नाय कलला तर खोली त्याची."

माझं काम, माझी सगळी यंत्रं, माझं दार लावून बसता येईल अशी जगातली एकुलती एक जागा, हे सगळं आता एका गाण्यावर आलं होतं. मी म्हटलं, त्यात काय. फर्स्ट क्लास आहे मी.

हळदीत हमखास वाजणारं एक कोळीगीत मी निवडलं. ते ओळखायला आईला दोन ओळीही लागल्या नसत्या. अडचण फक्त एवढीच होती की माझे सूर जागेवर राहत नव्हते. सकाळी मी सा लावायची. पत्रा तापला की तो हळूहळू सरकायचा, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्याचा रे झालेला असायचा. खारा वारा सुटला की पुन्हा तिसरंच. गाणं सुरू व्हायचं हळदीच्या मांडवात आणि संपायचं कुठल्या तरी दुःखद प्रसंगी.

पहिल्या परीक्षेला आई दारात उभी राहिली, हातात कोयता. मी वाजवलं. तिने पूर्ण ऐकलं, हे तिचे उपकार.

"कोन रडतंय?" तिने विचारलं.

भाऊ दुसऱ्याच दिवशी प्लंबरशी बोलून आला.

नाताळच्या आधीचा रविवार. माझ्या हातात शेवटचे दोन-तीन दिवस होते. मी ठरवलं, दोष यंत्राचा नसून स्पीकरचा असणार. शिकलेल्या माणसाला दोष दुसरीकडे ढकलायला चांगली कारणं सापडतात. चुलतभावाचा हळदीत साऊंड लावायचा धंदा आहे. ऐकणाऱ्याच्या छातीत धक्का बसला नाही तर त्याला संगीत म्हणायचं नाही, एवढं एकच तत्त्व त्याच्या धंद्याचं. त्याचा माणसाएवढा एक स्पीकर मी आणला, खिडकीपाशी ठेवला आणि दुपारी चारच्या सुमारास गाणं लावायला बसले.

सा लागेना. चिडून मी बटण खाली फिरवत नेलं. सूर असा खाली खाली नेला की एका जागी तो सूर राहतच नाही. त्याचे ठोके सुटे होतात. धक, धक, धक. माझे दोन डबे होते, आणि दोघांचं एकमेकांशी कधी जमलेलं नव्हतं, त्यामुळे एकाचा ठोका दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. धक-धुक, धक-धुक. जमीन हलत होती. पत्रा वाजत होता. गाणं, आई, नाताळ, कमोड, सगळं विसरून मी डोळे मिटले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डब्यातून काहीतरी सुंदर येत होतं. मी आवाज वाढवला. चांगली वीस मिनिटं मी तो आनंद घेतला.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. कोळीवाड्यात बोट आली का हे बघायला कुणी किनाऱ्यावर जात नाही. ते कानाला कळतं. प्रत्येक बोटीच्या इंजिनाचा आवाज वेगळा. चुलीपुढे बसलेली बाई भाकरी थापता थापता सांगते, "आपली आयली," आणि पाटी उचलते. जी आधी पोचली तिला निवडून मासळी मिळते. मागून जाणारीने उरलेलं उचलायचं. त्यामुळे कान आधी धावतो, पाय मग.

मी डोळे मिटून बसले होते तेव्हा आमच्या आळीतल्या सगळ्या बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर पोचल्या होत्या. सगळ्यांत पुढे माझी आई.

समुद्र रिकामा. आवाज तर येतोय. कुणीतरी म्हणालं, खांदेरी बेटाच्या आड असेल. वाट बघितली. मग एकीच्या लक्षात आलं की आवाज समुद्राकडून येत नाहीये, पाठीमागून येतोय. बोट रस्त्याने यायची आमच्याकडे अजून पद्धत नाही. त्या आवाजाचा माग काढत निघाल्या आणि थेट माझ्या खिडकीखाली आल्या.

मी डोळे उघडले तेव्हा दारात आठ-दहा बायका, प्रत्येकीच्या कमरेला रिकामी पाटी. पुढे शेजारच्या काकी. मागे आई, तोंड बंद करून. आई तोंड बंद करते तेव्हा मी घाबरते.

"ही बोट?" काकींनी डब्याकडे बोट केलं. "ह्या खोक्यासाठी भात चुलीवर टाकून पलत आयले मी?"

"काकी, मी गाणं लावत होते."

"गाना! ऐकलाव बायांनो, हिचा गाना! आख्खा वाडा पलवला." मग त्या आईकडे वळल्या. "काय गो, ही तुजी शिकलेली पोर? कागद भितीवर लावून अक्कल येत नाय कुनाला."

काकींनी एवढं शेवटचं वाक्य गिळलं असतं तर माझी खोली गेली होती. कारण आई त्याच वेळी मला काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होती. तिच्या चेहऱ्यावर मला ते वाचता येत होतं. पण तिच्या पोरीला शिव्या द्यायचा परवाना एकट्या तिच्याकडे आहे.

आईने पाटी खाली ठेवली.

"चालीस वरसं किनाऱ्याला कान लावून बसलंस तू," ती काकींना म्हणाली. "तुना बोट न खोका वलखता येत नाय, न माजे पोरीची अक्कल काढतंस? माजी पोर तुज्या कानात बोट घालून गेली, बोट! तुजा पोरगा दहावीला तीनदा बसला. बाकडा झिजला, पन तो झिजला नाय."

बायका हसल्या. काकींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आई आता थांबणार नव्हती.

"ही खोली तिची हाय. उंद्या पन वाजवंल, परवा पन वाजवंल. ज्याला पलायचा त्याने पलावा!"

भाऊ मागेच उभा होता, सोबत मापाची टेप घेतलेला प्लंबर. घरात बोललेला शब्द आमच्याकडे फिरवता येतो; सकाळचा शब्द आई दुपारी फिरवते. पण दारात, पाटीवाल्या बायकांसमोर बोललेला फिरत नाही. फिरवला तर उद्या बाजारात तिच्या मासळीच्या भावावर कोण विश्वास ठेवील? भावाला हे माझ्याइतकंच माहीत होतं. तो फक्त "आये, पन अटॅच..." एवढंच म्हणाला.

"तुजे खोलीला कर अटॅच."

तर अशी मी खोली जिंकले. संगीताने नाही, शिक्षणाने नाही. शेजारणीच्या भांडणात मिळाली.

पुढल्या ओटीवरच्या खाटेवरून बाबांचा आवाज आला, "कनची बोट समजून गेलाव?"

बायकांनी एका तोंडाने एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या कप्तानाच्या, बोटीचं नाव घेतलं. बाबा कुत्सित हसले. मला बारावीच्या निकालाला हसले होते तसे. "तिचा चौथा ठोका दमतो. हिचा कुटं दमतोय? हा तर नवाकोरा चाललाय."

"दमतो, खरा हाय," एक म्हातारी म्हणाली. "धक-धक-धक, मंग बसल्यागत होतो."

आता मी हे ऐकून गप्प बसेन? चार मोजणारी एक चिप माझ्याकडे पडून होती. ती मधे खोचली आणि दर चौथा ठोका दाबला. बायकांनी पाट्या उपड्या घातल्या आणि त्यांवर बसल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला कार्यक्रम, आणि असे श्रोते देव शत्रूला न देवो.

"ही बोट नाय, ही गिरन."

"वाईच हलू कर. लोडवर हाय ती, म्हावरा भरलाय तिच्यात."

"एवडा दमवू नको, मरंल ती."

काकी रागावून भिंतीला टेकून उभ्या होत्या, पण निघून जात नव्हत्या. प्रत्येक बदलाला नाक मुरडायच्या, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की दर वेळी त्यांचंच बरोबर असायचं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणाने मला इतकं नेमकं मोजून दिलं नव्हतं. शेवटी दुसऱ्या डब्याची एक तार गरम होऊन सुटली, तेव्हा मी बटण बंद केलं आणि सोल्डरिंगची लेखणी तापत ठेवली.

काकी डोळे मिटून म्हणाल्या, "हां. आता बराबर झाला. आता हीच ती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने मोठ्या अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. पत्रा बारीक वाजत होता. धक-धक-धक, आणि चौथा दमलेला.

"काकी," मी म्हटलं, "मी बंद केलंय."

एक क्षण कुणाला काही समजलं नाही. मग म्हातारीने कपाळावर हात मारला, "अगो, खरी आयली!", आणि पाट्यांचा, चपलांचा, कोपरांचा जो काही गोंधळ उडाला त्यात माझा एक डबा लाथेने गेला. खालच्या आळीतल्या बायका केव्हाच पोचल्या असणार. आई दारातूनच ओरडली, "गाना राहिलाय तुजा, मी विसरले नाय!" आणि पळाली.

खोलीत मी, भाऊ आणि प्लंबर उरलो. प्लंबरने हातातली टेप उघडली, पुन्हा मिटली.

"मंग माप कनचे खोलीचा घेवू?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी प्लंबरला भावाचीच खोली दाखवली आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्याच्याबरोबर गेले.