निसर्गोपचाराचं पोहणं

ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढल्यापासून माझी मैत्रीण रेखा आंघोळीलासुद्धा परकर छातीवर बांधायला लागली. लंडनमधल्या हाउन्सलोच्या तिच्या घरात, कडी लावलेल्या बाथरूममध्ये कोण बघणार होतं? पण तिला स्वतःचंच अंग नकोसं झालं होतं. आणि ती कपडे बदलायला लागली की नवरा, पद्माकर, भिंतीकडे तोंड करायचा.

"ह्यांना किळस येते गं, नीना," ती मला म्हणायची. "कुणीतरी एकदा नीट बघावं, तोंड फिरवू नये, एवढंच हवंय मला. नाहीतर जगायचं कशाला?"

तिची मुलगी ईशिता इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. "आई, बॉडी पॉझिटिव्ह हो ना! तुझा बॉडी छान आहे," असं सांगून ती ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत निघून गेली. डोंबलाचं छान!

मग मी, शहाणी, पुढे सरसावले. स्विमिंग पूलवर बोर्ड वाचला होता, 'नॅचरिस्ट स्विम, दर रविवारी'. मला वाटलं, उरुळीकांचनसारखं निसर्गोपचाराचं काहीतरी असेल, औषधी पाणी वगैरे. दोघींची नावं देऊन टाकली.

कॉस्च्यूम घालून, वर टॉवेल गुंडाळून आत गेलो तर काय! आज्या, आजोबा, सुटलेली पोटं, लोंबणारी कातडी, कुणाच्याही अंगावर चिंधी नाही. नॅचरिस्ट म्हणजे हे! आणि गप्पा चाललेल्या हवेच्या!

"अगं बाई! पळ इथून!" मी तिचा हात ओढला. रेखा हलेना. सगळ्यांकडे एकवार बघून तिनं टॉवेल टाकला, कॉस्च्यूम उतरवला आणि तशीच उभी राहिली.

कुणी वळूनही पाहिलं नाही. एक बाई जाता जाता म्हणाली, पाणी आज मस्त गरम आहे. मला हायसं वाटलं.

"बघ, कुणाला काही पडलेलं नाही," मी म्हटलं. तर ही ढसाढसा रडायला लागली.

"इथेही कुणी बघत नाही, नीना. घरी किळस म्हणून, इथे रीत म्हणून. मग मी आहे तरी कुठे?"

"वेडे, मी आहे ना!"

"तूही मघापासून छताकडेच बघत्येस."

खरंच बघत होते. मी नजर खाली आणली. काखेपर्यंत गेलेला लालसर व्रण, कडेला चुणी पडलेली. मला रडू फुटलं, पण डोळे हलवले नाहीत.

"दुखतं का गं अजून?"

"दुखतं," ती म्हणाली. "खूप दुखतं गं."