आईची नथ आणि वन्संचे दात

कर्जतपासून खालापूरपर्यंत ज्या बायकांच्या अंगावर मोती आहे, त्यातल्या बहुतेकींचा मोती आमच्या वन्संनी एकदा तरी तोंडात घातलेला आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पळसदरीची. त्यांची परीक्षा एकच. मोती पुढच्या दातावर घासायचा. खरा असला तर बारीक वाळूसारखा करकरतो, खोटा असला तर घसरतो. ही परीक्षा कुणाला मागावी लागत नाही. लग्नात कुंकू लावायला बाई वाकली की वन्सं तिच्या कानातली कुडी चाचपतात आणि म्हणतात, "काढ गं जरा." बाई काढते. का काढते कोण जाणे, पण काढते. मग चारचौघींत ती कुडी वन्संच्या तोंडात जाते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण नंतर ती धुऊन द्यायचं काम माझं.

बरं, खोटा निघाला तर गप्प बसावं, तर तेही नाही. त्यांच्या मालकांनी हौसेने आणलेला मोत्यांचा हार त्यांनी पाहुण्यांसमोर घासला आणि "घसरतोय" म्हणून मोकळ्या झाल्या. मालक कितीतरी दिवस बोलले नाहीत. पण तोच हार वन्संनी जन्मभर घातला. "खोटा हाय, पण ववलाय बघ कसा, एक मणी मागंपुढं नाय," असं वर मलाच ऐकवायच्या. मी भज्यांच्या कढईपुढे घामाघूम, आणि या मागे उभ्या राहून शिकवणार, "मोती डब्यात कोंडू नको, पिवळा पडंल. अंगावर वागव. अत्तर आदी लाव, मोती मागनं घाल." कळंबहून आलेलं एक स्थळ तर त्यांनी "पोरगाच घसरतोय" म्हणून परत पाठवलं.

माझ्याकडे मोती म्हणजे आईची एक नथ. खरी आहे, असं आई म्हणायची. मला तेवढं पुरत होतं. वन्सं आल्या की मी ती तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायची.

गेल्या वर्षी वन्संचे दात काढले आणि कवळी बसली. मी म्हटलं, सुटले. वन्संही सबबी सांगायला लागल्या, आज उपास हाय, आज उजेड नाय. म्हातारीला भाव चढला, असं बायका म्हणू लागल्या. वाल सोलता सोलता मला एकटीला त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नको गं. ह्या दातांना काय कळत नाय. समदंच घसरतंय."

मग माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला. मुलगा रसायनीचा. लेकीने हट्टाने आजीची नथ घातली. विहीणबाई कौतुकाने वाकून बघत म्हणाल्या, "छान आहे हो. मोती खरे आहेत ना?" सहजच विचारलं असेल. पण आमच्याकडच्या सगळ्या बायका वन्संकडे बघायला लागल्या. लेकीची मान खाली गेली.

"आण गं इकडं," वन्सं म्हणाल्या.

डोळे मिटून त्यांनी नथ दातांवर घासली. मला वाटलं, आता हिसकावून घ्यावी.

"करकरतोय," त्या म्हणाल्या. "विहीणबाय, असा मोती आता गावायचा नाय."

विहीणबाई हसल्या. वन्संनी नथ माझ्याकडे धुवायला दिली नाही. स्वतःच पदराने पुसली आणि लेकीच्या नाकात घातली.

मोरीपाशी हात धुताना मी हळूच विचारलं, "वन्सं, खरंच करकरला?"

"मग मी काय खोटं बोलते? आन् इतकी वर्सं तांदळाच्या डब्यात कोंडलीस. तुला सांगून सांगून माझं त्वांड दुखलं."

म्हणजे डबा त्यांना माहीत होता.

आता त्या कुणाचाच मोती बघत नाहीत. लग्नात गप्प बसून जेवतात, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. लेक सणाला येते तेव्हा नथ पुसायला माझ्या हातात देते. माझे दात अजून धड आहेत. मी नथ मऊ फडक्याने पुसते आणि परत तिच्या नाकात घालते.