जेसीबीचा पोळा

महाळुंग्यात पोळ्याचा पहिला मान ज्योतीरामच्या घराचा. भादव्यातल्या अमावास्येला आधी त्यांच्या बैलाने मारुतीला फेरी घालायची, मग बाकी गावाने. जमीन कंपन्यांत गेली, तरी ज्योतीराम भाड्याने जेसीबी चालवून बैल पोसत होता. यंदा उन्हाळ्यात त्यांचा म्हातारा बैल सर्जा गेला. घरी बैल नसेल तर मान पुढच्या घरी जातो, आणि पुढचं घर यशवंतरावांचं. त्या काळजीने ज्योतीरामच्या आईला, शालनबाईला, जेवण गोड लागेना.

"आई, आपल्याला पोसतो कोण? हा जेसीबीच ना?" ज्योतीराम म्हणाला. "मग ह्योच आपला बैल."

शालनबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की आता वहाणच बसते की काय असं वाटावं. पण ती उठली आणि लोणी-हळद कालवायला लागली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. या मायलेकांनी जेसीबीचा लोखंडी खांदा मळला. सकाळी बकेटच्या दातांना शिंगांसारखा लाल हिंगूळ लावला, वर बेगड चिकटवली, केबिनवर सर्जाची झूल टाकली. बकेटमध्ये पुरणपोळीही ठेवली. अख्खी आळी बघायला लोटली. ज्योतीरामला तर काय करू अन् काय नको असं झालं होतं.

"अरं, ह्याला शेपूट हाय का?" यशवंतरावांनी टोला हाणला.

"तुमच्या बैलाला हॉर्न हाय का?"

हसता हसता गावाची मुरकुंडी वळली. मान कुणाचा ते देवळापाशीच ठरवू, असं ठरलं.

यशवंतरावांची जोडी शेतावरून टेम्पोतून यायची, कारण रस्त्यावर कंटेनरांची रांग. वेशीत टेम्पोचं चाक पाइपलाइनच्या चरात गेलं. टेम्पो कलला, मागचा फाळका भिंतीला भिडला आणि आत अडकलेले बैल घाबरून हंबरू लागले. मागे कंपनीची बस खोळंबली. सगळ्यांचे डोळे सजून वेशीत आलेल्या जेसीबीकडे वळले.

"ज्योतीराम, एक हिसका दे, बाबा," यशवंतराव म्हणाले.

ज्योतीरामचा हात चावीकडे गेला. तेवढ्यात शालनबाई बकेटपुढे उभी राहिली.

"आज पोळा हाय. बैल मिरवायचा, जुंपायचा न्हाई. जुंपला तर वरीसभर घराला बरकत न्हाई."

माणसं चिडली. ज्योतीराम मात्र कात्रीत सापडला. ओढावं, तर आपल्याच हाताने जेसीबीचं पुन्हा नुसतं यंत्र करून टाकलं आणि मान गेला. न ओढावं, तर आतले बैल? त्यातला एक थेट सर्जासारखा हंबरत होता. ते त्याला ऐकवेना.

त्याने खाली उडी मारली.

"आई, बैल न्हाई जुंपत. सोताला जुंपतो."

त्याने चरात उतरून टेम्पोला खांदा दिला. ते बघून बसमधली पोरं उतरली, गाव धावला, यशवंतरावही धोतर खोचून शेजारी आले. एकच गिल्ला झाला. टेम्पो हलला, अडला, परत हलला आणि धाडकन वर आला. बैल धडधाकट खाली उतरले. ज्योतीरामचा सदरा खांद्यावर फाटला होता आणि कातडी लालेलाल झाली होती.

यशवंतरावांनी आपल्या बैलांना चाचपून पाहिलं. मग ते शालनबाईकडे वळले.

"वैनी, लोणी-हळद उरलीय का?"

तिने वाटी आणली. त्यांनी दोन बोटं बुडवली आणि सगळ्या गावासमोर ज्योतीरामचा खांदा मळायला घेतला.

"चल," ते म्हणाले, "तुझा बैल फिरव आधी. माझी जोडी मागनं येती."