तीन पावलांची वाट आणि बॅटरीचा डबा

आमच्या घरात देवघर नव्हतं, चळवळीच्या पत्रकांचं कपाट होतं. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरून. ‘वाचा आणि दुसऱ्याला द्या’ हे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य. बाकीच्या मुलांना झोपताना परी भेटायची, मला मागण्या भेटायच्या, त्याही क्रमांक घालून.

किन्हवलीजवळच्या आमच्या बुद्धविहारात दर पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. ते संपलं की एक हस्तलिखित अंक निघतो. संपादक माझे बाबा. त्यांचा नियम एकच: विज्ञानकथा चालेल, जादू चालणार नाही. अद्भुतकथा म्हणजे अंधश्रद्धेला घातलेला इस्त्रीचा शर्ट, असं ते म्हणायचे, आणि मीही तेच वाक्य कॉलेजात दोनदा वापरून टाळ्या घेतल्या होत्या.

अडचण अशी की एका वर्षी मी लिहिलेली माझी पहिली कथा जादूची निघाली, आणि ती अंकात यावी म्हणून माझा जीव अडकला होता.

कथा साधी होती. उंबरमाळीच्या डोंगरावरची एक बाई मोळी डोक्यावर घेते आणि तीन पावलांत मुरबाडच्या बाजारात पोचते. पण अट आहे. मोळी तिची स्वतःची असेल तरच वाट आखडते. शेठची पाटी उचलली की सगळे डोंगर पुन्हा जिथल्या तिथे.

ही कथा मी आधी भातलावणीच्या दिवसांत, चिखलात उभी राहून, आमच्याकडे आवणीला येणाऱ्या डोंगरपाड्यावरच्या मावशीला सांगितली होती. त्यांच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं असतं. हं थांबला की सांगणाऱ्याने समजायचं, गोष्ट कुठेतरी रुतली. मावशीने शेवटपर्यंत हं दिला. एकदाच मध्ये थांबवलं, तेही मोळी कुठल्या लाकडाची ते विचारायला.

तरीही घरी येऊन मी कच खाल्ली. बाबांना चालावी म्हणून बाईच्या कमरेला यंत्र बांधलं. नाव ठेवलं ‘अंतरसंकोचक’. बाबा बेहद्द खूश झाले. बॅटरी किती तास चालते, पाड्यावर लाइट जाते तेव्हा चार्जिंगचं काय, मोळीचं वजन यंत्राला पेलतं का, असे प्रश्न त्यांनी समासात लाल पेनाने लिहिले. मी सौरपट्टी जोडली. पावसात सौरपट्टी चालत नाही म्हणून जादा बॅटरी दिली. ती ठेवायला डबा दिला. बिचारी बाई आता मोळीपेक्षा डब्यानेच वाकली होती.

अंक बांधायच्या आधी निवडलेल्या कथा विहारात वाचून दाखवायची पद्धत आहे. रविवारी दुपारी मी मावशीला मुद्दाम बोलावलं. ती दाराजवळ बसली. डोंगर आला, हं. मोळी आली, हं. मी ‘अंतरसंकोचक’ म्हटलं आणि हं बंद. मी तीन पानं तशीच वाचली. रिकाम्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखं वाटत होतं.

संपल्यावर बाबांनी विचारलं, मावशी, कशी वाटली?

मावशी म्हणाली, “यंत्र हाय तर शेठच घेल ना इकत. मंग तिची काय गरज? आन तुझी अट गेली कुठं गो?”

मी कागदाकडे पाहिलं. अट खरोखरच गेली होती. डब्याला जागा करताना मीच खोडली होती. बटण कुणीही दाबलं तरी चालतं, शेठने दाबलं तरी. विज्ञानकथेचा सगळा प्रामाणिकपणाच त्यात आहे: ती ‘कसं’ विचारते, आणि तिचं उत्तर सगळ्यांना सारखं लागू होतं. माझी गोष्ट ‘कसं’ विचारतच नव्हती. ती विचारत होती, ओझं कुणाचं? तिच्यातल्या वाटेला हे कळत होतं. असली वाट पृथ्वीवर नाही, आणि मला नेमकी तीच हवी होती.

हे मी भर विहारात बोलून टाकलं. बाबा उठून उभेच राहिले. “माणूस बघून बदलणारा नियम आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय. तोच तू परत आणतेस?”

मी म्हटलं, “ही वाट माणूस बघत नाही, बाबा. ओझं बघते. शेठने स्वतःची मोळी स्वतः उचलली तर त्यालाही तीनच पावलं.”

मावशीला शेठ मोळी उचलताना दिसला असावा. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की पुढच्या कथेचं वाचन खोळंबलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी वही मागितली आणि लाल पेनाने यंत्र, सौरपट्टी, बॅटरी, डबा सगळं ओळीने खोडलं. स्वतःचे प्रश्नसुद्धा. अट परत लिहायला जागा सोडली.

पण ‘अद्भुतकथा’ हा शब्द त्यांच्या हातून काही लिहिला गेला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. अंक निघाला तेव्हा मी माझी कथा अनुक्रमणिकेत विज्ञानकथांखाली शोधली, नव्हती. ललितात नव्हती. ती सापडली शेवटच्या पानावर, ‘आमच्या मागण्या’ या सदरात: पाड्यावरच्या नळयोजनेच्या खाली आणि मुरबाडला रेल्वे आणण्याच्या वर.