आमच्या वन्संचं आइस हॉकी

बर्फावर खेळणारा संघ सांभाळायला अख्ख्या पृथ्वीवर सर्वांत अयोग्य बाई कोण, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी डोळे मिटून आमच्या वन्संचं नाव सांगितलं असतं, आणि त्यांनीही मान डोलावून ते मान्य केलं असतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते, कारण ‘वन्सं’ ऐकलं की आपल्या नाकात कुणीतरी नथ घालून गेल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. जन्म, शिक्षण, पहिली नोकरी सगळं नागपूरचं. डिसेंबरात जरा वारा सुटला की तिथली माणसं कानटोप्या शोधतात. वन्संनी आयर्लंडमध्ये येऊन ती कानटोपी जुलैतही उतरवली नाही. इथली माणसं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात फिरायची, तेव्हा या दोन स्वेटर घालून ‘आज हवा बरी आहे’ म्हणायच्या.

त्या आल्या होत्या ड्रोहेडाजवळच्या एका औषध कारखान्यात माणसांच्या नेमणुका बघायला. दोन हजार चौदा साली कारखान्यानं माणसं कमी केली आणि त्यात नेमणुका बघणारीच आधी गेली. तेवढ्यात सीमेपलीकडच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या एका शहरातल्या आइस हॉकी संघाला खेळाडूंचे व्हिसा, घरं, विमानाची तिकिटं बघायला माणूस हवा असल्याचं कळलं. पायात स्केट घालून, काठ्यांनी रबराची चकती जाळ्यात मारायचा हा खेळ. खेळाडू बहुतेक कॅनडाहून आणलेले, पगारी. संघाचे मालक मालवाहू ट्रकांच्या धंद्यातले होते. त्यांनी मुलाखतीत विचारलं, “खेळातलं काय कळतं?” वन्सं म्हणाल्या, “काही नाही. पण माणूस ठेवणं आणि माणूस सोडणं, दोन्ही येतं.” मालकांनी नंतर मला सांगितलं, की जुन्या मॅनेजरला यातलं एकही येत नव्हतं. दोन वर्षांनी तो मॅनेजर गेला आणि त्याच्या खुर्चीत वन्सं बसल्या. त्या खुर्चीवर त्यांनी आधी उशी ठेवली, मग मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेतली आणि मगच पहिली फाइल उघडली.

नवा खेळाडू घ्यायची त्यांची पद्धत म्हणजे स्थळ बघण्याचाच प्रकार होता. प्रशिक्षक मुलांच्या खेळाचे व्हिडिओ दाखवायचा, या ते सौजन्यानं बघायच्या आणि मग मुलाच्या आईला फोन लावायच्या. आईशी बोलताना खेळाचा विषय निघायचा नाही. घरी जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो का? रागावला तर बोलून मोकळा होतो, की आठवडाभर तोंड फुगवून बसतो? एका आईनं ताटाच्या प्रश्नाला फार वेळ उत्तर दिलं नाही, तेवढ्यावर वन्संनी तो खेळाडू सोडून दिला. तो दुसऱ्या एका संघात गेला आणि नाताळाच्या आत तिथल्या सगळ्यांशी भांडून परतला. प्रशिक्षकाची वन्संवर त्या दिवसापासून जी श्रद्धा बसली, ती त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही तरी हलली नाही. सामना चालू असताना त्या चकतीकडे बघायच्याच नाहीत. कोण लंगडतोय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, एवढंच बघायच्या.

माणूस सोडणं मात्र त्यांना सांगितलं तितकं येत नव्हतं. ज्याला काढायचं त्याला काढल्याचं उपाशीपोटी कसं सांगणार, म्हणून त्या आधी त्याला घरी बोलावून जेवायला घालायच्या आणि शेवटी श्रीखंडाची वाटी पुढे ठेवून वाईट बातमी द्यायच्या. संघात हे लवकरच पसरलं. मॅनेजरबाईंचं गोड म्हणजे परतीचं तिकीट. एका दिवाळीत त्या निरागसपणे बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन सरावाला गेल्या, तर सहा-सहा फुटांचे ते गडी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कुणी लाडू उचलेना. वन्संनी स्वतः एक खाऊन दाखवला, तेव्हा एक बचावपटू हळूच म्हणाला, “म्हणजे तुम्हीपण चाललात?”

या संघाचा कप्तान डॅरेल. पस्तिशी ओलांडलेला, कॅनडातल्या गव्हाच्या शेतांमधून आलेला, पुढचे दोन दात नसलेला आणि फार थोडं बोलणारा. त्याला घेताना त्याच्या आईनं फोनवर एकच गोष्ट सांगितली होती: हा दुखलं तरी सांगत नाही, तुम्हालाच बघावं लागेल. वन्सं म्हणाल्या होत्या, “बघीन.” त्यात डॅरेल इथे येऊन ‘आय ॲम ग्रँड’, म्हणजे ‘मी अगदी मजेत’, म्हणायला शिकला. या देशात पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो, त्यामुळे त्याची मोठीच सोय झाली.

आम्ही डंडॉकमध्ये राहतो, म्हणजे सीमेच्या अलीकडे. रविवारी सामना नसला की वन्सं आमच्याकडे यायच्या आणि बरोबर एखाद-दुसरा खेळाडूही आणायच्या. दोन हजार अठराच्या वसंतात, उपांत्य सामन्याच्या आधीच्या रविवारी, त्यांनी डॅरेलला आणलं. काही आठवड्यांपूर्वी त्याच्या डोक्याला मार बसला होता, पण डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं होतं. मी दार उघडलं, तर त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. खरं तर तो चार-पाच वेळा आमच्याकडे जेवला होता. थोड्या वेळानं त्यानं मला पुन्हा नाव विचारलं. मग बाहेर ऊन नावालाही नसताना त्यानं पडदा ओढायला सांगितला. मीठ घ्यायला हात पुढे केला, तो मिठाच्या बाजूनं गेला. मी वन्संकडे पाहिलं. त्या आधीपासूनच त्याच्याकडे बघत होत्या.

त्या उठून स्वयंपाकघरात आल्या आणि मालकांना फोन लावला. पलीकडून मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. तिकिटं संपलीत, कप्तानाशिवाय संघ कसा उतरवणार, डॉक्टर म्हणतात ना ठीक आहे. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. “तपासणी होईस्तोवर तो खेळणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव घालायचं असेल तर आधी दुसरा मॅनेजर शोधा.” त्यांनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, “नोकरी गेली वाटते माझी. श्रीखंड कुठे ठेवून राहिलीस तू?”

“फ्रिजमध्ये. ताई, खरंच द्यायचं?”

“दुसरं काही सुचत नाही गं मला.”

डॅरेलनं वाटी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “मला काढताय?”

“या सामन्यापुरतं. आत्ता आपण दवाखान्यात जाऊन राहिलो,” वन्सं बोलता बोलता मराठीत घसरल्या, मग तेच इंग्रजीत म्हणाल्या.

तो संतापला. कदाचित त्याचा हा शेवटचा मोसम होता आणि शेवटचा मोठा सामना. “तुम्ही माझी आई नाही,” तो म्हणाला.

“नाही. पण तिला शब्द दिलाय.”

तो ताडकन उठून बाहेर गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. बारीक पाऊस होता. तो वन्संच्या गाडीपाशी गेला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि तिथेच फुटपाथच्या कडेवर बसला. वन्सं छत्री घेऊन गेल्या, त्याच्या शेजारी ओल्या दगडावर बसल्या. थंडीनं कुडकुडणारी ही बाई त्या पावसात बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वन्संनी नंतर सांगितलं, तिथे तो म्हणाला होता, की मार लागल्यापासून डोकं एक दिवसही दुखायचं थांबलेलं नाही.

माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डोक्याचं स्कॅन झालं. तिथली तरुण डॉक्टरीण आम्हाला बाजूला घेऊन बसली. डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं. विश्रांतीनं विरघळेल, बहुतेक ऑपरेशन लागणार नाही. मग तिनं विचारलं, “हे खेळाडू ना? पुढचा सामना कधी होता?” वन्संनी सांगितलं. डॉक्टरिणीनं वन्संच्या हातावर हात ठेवला. वन्सं कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि कॅनडाला फोन लावला. आधी नीट सगळं सांगितलं, आणि मग ही एवढी मोठी मॅनेजर पदराऐवजी मफलर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः हॉस्पिटलात आले. डॅरेलच्या पलंगाशी टोपी हातात धरून उभे राहिले आणि वन्संना म्हणाले, “त्या फोनवरचं विसरून जा.” संघ उपांत्य सामना एका गोलनं हरला. वन्सं इतक्या समाधानानं सगळ्यांशी हात मिळवत होत्या, की त्यांना निकाल कळला नसावा असं प्रेक्षकांना वाटलं. डॅरेल बरा होऊन घरी गेला. आता तो गावातल्या पोरांना शिकवतो, आणि खेळाआधी सगळ्यांना डोकं दुखतंय का ते विचारतो, असं त्याच्या आईनं कळवलं.

वन्संनी आणखी एक मोसम काढला आणि दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, त्यांनीच पुरे म्हटलं. किलकेनीच्या हॉस्पिटलात परिचारिकांच्या नेमणुका बघायचं काम मिळालं होतं. सामान पोचवायला मी बरोबर गेले. संध्याकाळी नदीकाठानं फिरताना एका मैदानावर इथल्या हर्लिंग नावाच्या खेळाचा सराव चालू होता. लाकडी काठ्या, हवेत उडणारा चेंडू, एकमेकांवर धडकणारी मुलं. वन्सं बुटक्या भिंतीपाशी थांबल्या आणि एकेकाकडे नीट बघून घेतलं.

“सगळ्यांनी हेल्मेट घातलंय,” त्या म्हणाल्या. “चल.”

चल म्हणाल्या खऱ्या, पण हलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. पलीकडे काठीवर काठी वाजत होती, आणि त्यातल्या एकाही पोराची काळजी आता वन्संच्या गळ्यात नव्हती. मैदान रिकामं होईपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो.