अडीच किलोच्या आतला लॅपटॉप

पाणलोटाच्या सर्वेक्षणाचं कंत्राटी काम मिळालं, तेव्हा साहेबांनी अट घातली: गावात मोजलेलं गावातच नकाशावर चढवायचं. स्वतःचा लॅपटॉप घेऊन फिरेल तो फील्डवर, बाकीचे ऑफिसात. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तुम्ही ऑफिसच सांभाळा. खांद्याचं आहेच तुमच्या." आदल्या वर्षी माझ्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मी दहा दिवस मागून घेतले. ही गोष्ट २००९च्या डिसेंबरातली.

पहिला आठवडा मी दुकानात न जाता एसटीत घालवला. कापडी पिशवीत वाळू भरायची, समुद्रपूर ते हिंगणघाट उभ्याने जायचं आणि यायचं. तीन किलोला हात बधिर झाला. अडीचला झाला नाही. म्हणजे मर्यादा ठरली. बॅटरी चार तास हवी, कारण आमच्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक फक्त छापलेलं असतं. बजेट पस्तीस हजार. तुम्हीही घेणार असाल, तर आधी अशा तीन ओळी लिहून घ्या.

शनिवारी नागपूरला खरेदीला निघाले तर बाबा चपला घालून तयार. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर असतात. थैलीत हुकाचा ताणकाटा.

"हे कशाले, बाबा?"

"काट्याबिगर सौदा होते काय कुठं?"

जाम गावाला गाडी बदलली. तिथल्या चौकात आलुबोंडा आणि वर तर्री, दोघांचे मिळून वीस रुपये. तर्री कमी मागा. पुढे हायवेवर खिडकीची जागा मिळाली. वेचणी चालू होती, जिनिंगच्या फाटकांबाहेर कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगा होत्या. बाबा समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे बघून "भरला जास्त" किंवा "बरा हाय" एवढंच म्हणत होते. नागपूरच्या स्टँडवरून बर्डीच्या बाजारात जायला ऑटोवाल्याने चाळीस सांगितले, पंचवीसला आला.

दुकान पहिल्या मजल्यावर. टाय लावलेल्या सेल्समनने दहा इंची डबी पुढे केली. "हा पहा ना मॅडम, एकदम स्लिम. लेडीज लोक हाच नेतात."

"त्यावर चालवतात काय?"

त्याने विचार केला. "गाणे-बिणे."

मी पेन ड्राइव्हवरून नकाशाचं सॉफ्टवेअर चढवलं. नकाशा उघडला, पण नोंद जतन करायचं बटण स्क्रीनच्या खालच्या काठाबाहेर गेलं होतं. दिवसाला शंभर नोंदी मी अंदाजाने करणार नव्हते. दुसरा पंधरा इंची, सगळं असलेला, पण शेजारच्या माहितीच्या कार्डावरच पावणेतीन किलो. तिसरा तेरा इंची, सीडी ड्राइव्ह नसलेला. बटण दिसलं. कार्डावर बॅटरी सहा तास, म्हणजे खरे चार धरा. वजन एक किलो सातशे. किंमत साडेचौतीस हजार. मी होकार देणार, तेवढ्यात बाबा बोलले.

"बारदाना धरला काय?"

बारदाना म्हणजे माल ज्यात भरतात ते पोतं.

"आपण काट्यावर बारदाना वजा करतो. तू धर. तुले तो उचलून न्यायचा हाय."

त्यांनी चार्जर आणि लॅपटॉप दुकानाच्या फुकट बॅगेत घातले आणि बॅग हुकाला लटकवली. सेल्समन हसला. "काका, कांदे घेऊन राह्यले का?"

"कांदे असते तं आतापर्यंत दोन सडके बाजूले काढले असते." बाबांनी काटा माझ्यापुढे धरला. तीनच्या वर.

आठवडाभर मी वाळू तोलली होती आणि चार्जर विसरले होते. मला राग आला, तो स्वतःचाच. ऑफिसातली खुर्ची मला स्पष्ट दिसली. बाबांनी काटा तसाच धरून ठेवला. मग मी एकेक वस्तू वेगळी लटकवली. लॅपटॉप एक-सातशे, कार्ड खरं होतं. चार्जर चारशे. बॅग साडेनऊशे.

"बॅग नको."

"अहो मॅडम, फ्री आहे!"

"फुकट असली तरी ती मलाच उचलायची आहे. तिच्याऐवजी किंमत कमी करा."

पाचशे कमी झाले. लॅपटॉप थर्माकोलच्या खोक्यातून मांडीवर घरी आला.

आईने रविवारी जुन्या चादरीत कापूस भरून, वर टाके घालून पाकीट शिवलं. एकशे ऐंशी ग्रॅम. एकूण दोन किलो दोनशे ऐंशी. दुपारी वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला: चार तास दहा मिनिटं. उरलेल्या दोनशे वीस ग्रॅममध्ये नोंदवही आणि पेन. डबा डाव्या हातात.

सोमवारी साहेबांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी गावांची यादी दिली. पहिलंच कारंज्याकडचं, जायला तीन एसट्या. फाट्यावर उतरल्यावर सोबतच्या सहकाऱ्याने हात पुढे केला, "द्या मॅडम, मी धरतो." मी म्हटलं, राहू द्या. गावात वीज नव्हतीच. शाळेच्या ओट्यावर शंभर नोंदी पूर्ण झाल्या, तेव्हा बॅटरीत अजून थोडा जीव होता.

कोणता लॅपटॉप घेऊ, असं आता लोक विचारतात. मी मॉडेल सांगत नाही. दोन वर्षांत ते बाजारातून जाईल. मी सांगते, जे जे रोज उचलणार ते सगळं एकदम हुकाला लावा आणि मग किमतीचं बोला.

त्या पहिल्या दिवशी गावाहून घरी आले तेव्हा बाबा ओसरीत बसले होते. मी पाकीट खाली ठेवलं.

"खांदा दुखून राह्यला काय?"

"नाई."

"खरं सांग."

"दुखून राह्यला."

"किती?"

मी खांदा फिरवून पाहिला.

"अडीच किलोच्या आत."