दाजींचा स्कोप झिरो करायला संभाजीनगरला

थोरल्या बहिणीच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या आमच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते.

"मेव्हणीबाई, शनिवारी या. स्कोप झिरो करून द्या. गोळी कागदालाच लागंना."

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण. आत एक फुली दिसते. ती फुली जिथे टेकवाल तिथेच गोळी लागेल, असं दुर्बीण आणि नळी यांचं जुळवून देणं म्हणजे झिरो करणं. मी दहा वर्षं नाशिकच्या रायफल क्लबात जाते. जिल्ह्यात दोनदा तिसरी आले आहे, दोन्ही वेळा आम्ही तिघीच होतो. पण नातेवाइकांत माझा दरारा आहे.

दाजींची वैजापूरकडे बागायती शेती, शहरात बांधकामाची कंत्राटं आणि वडिलांच्या काळापासून परवान्याची पॉइंट टू-टू रायफल. दोन महिन्यांपूर्वी ते तिथल्या क्लबाचे अध्यक्ष झाले. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. माझ्या फेरीनंतर आठवड्याने, रविवारी, क्लबाची वार्षिक स्पर्धा होती आणि निमंत्रणपत्रिकेवर छापून झालं होतं: 'मा. अध्यक्षांच्या अचूक नेमबाजीने उद्घाटन'. पाव्हणे ठरले होते, हार ठरले होते. अचूक नेमबाजी तेवढी राहिली होती.

शनिवारी सकाळी सहाला एकटीच निघाले. समृद्धीने जाता येतं, पण तिकडे चहाला थांबायचं म्हटलं तरी आधी विचार करावा लागतो, म्हणून मी निफाड, येवला, वैजापूर असा जुना रस्ता धरला. येवल्यापर्यंत रस्ता उत्तम. पुढे मधूनमधून काम चालू आहे आणि ते बऱ्याच वर्षांपासून चालू असावं, कारण 'काम चालू' ही पाटीच गंजली आहे. येवल्यात स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट होती, पाव ताजे होते, पाणी आपलं आपण न्या. साडेदहाला ताईच्या दारात.

दाजींनी मला चहाआधी स्कोप दाखवला. नवा कोरा, रायफलीपेक्षा महाग.

"पाच व्हिडिओ बघून घेतला," ते म्हणाले. "पन्नास गोळ्या झाडल्या. दर गोळीला बटन फिरवलं. एकदा डावीकडं जाती, एकदा उजवीकडं. कंपनीच फसवी हाय."

"दर गोळीला फिरवलं?"

"मग? चूक दिसली की लगेच सुधारायची."

ताई आतून म्हणाली, "घरातल्या चुकांना हा नियम नाय लागत." ताईला आम्ही मंदाताई म्हणतो. दाजी एरवी तिला भितात आणि ते योग्यच आहे.

दुपारी आम्ही शहागंजात गेलो. रविवारची रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, ठरवायची तर तिथल्या खलीलचाचांना भेटावं लागतं. चाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की भरतं. रविवारी ते क्लबाचे रेंज ऑफिसर असतात. गोळीबार कधी सुरू, कधी बंद, कुणी कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात वाकले होते. मान वर न करताच म्हणाले, "अध्यक्षसाब, पयले माउंट के स्क्रू देखे क्या?" माउंट म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड.

दाजी म्हणाले, "कंपनीनं बसवूनच दिलाय."

"फिर निकाल के किसने देखा?"

मग कळलं की शेजारच्या इमारतीवर बसलेला घार पक्षी पाहायला त्यांनी स्कोप काढून गच्चीवर नेला होता आणि परत बसवताना हातानेच स्क्रू आवळले होते. दोनदा. एकदा घार, एकदा चंद्र.

त्या गल्लीत गेलात तर नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाऊनच या. मी शाकाहारी, म्हणून मला फक्त नान मिळाला, पण दाजी पुढची दहा मिनिटं काही बोलले नाहीत त्यावरून अंदाज करा.

रविवारी सातला रेंजवर. छावणी ओलांडून अर्ध्या तासावर एक बंद पडलेली खडीची खाण आहे, तिच्यात क्लबाने जागा केली आहे. तीन बाजूंना दगडाच्या उभ्या भिंती, समोर मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सिमेंटची टेबलं. टेबलांमागे जमिनीवर पिवळा पट्टा. बरोबर परवान्याची मूळ प्रत घ्या, रायफल बंद पेटीत आणा, काडतुसं वेगळ्या डब्यात. टोपी आणि पाणी हवंच, आठनंतर दगड तापतो. संडास आहे, कडी नाही.

चाचांनी आधी लाल झेंडा वर चढवला. मग आमच्या कानांवर कव्हरं आणि डोळ्यांवर चष्मे चढवले. दाजींनी चष्म्यासह फोटो काढून घेतला.

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं आणि ते चाचांनी आणि मी मिळून केलं. स्क्रूड्रायव्हरने माउंट सगळ्या बाजूंनी सारखा आवळला. रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा लोखंडी दांडा, काढून बाजूला ठेवला. नळी आरपार मोकळी झाली. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि मागून नळीतून पंचवीस मीटरवरचा कागद पाहिला. काळा ठिपका नळीच्या मधोमध आणला, रायफल जराही न हलवता स्कोपची बटणं फिरवून फुलीही त्याच ठिपक्यावर आणली. एकही गोळी न झाडता निम्मं काम झालं.

"एवढंच?" दाजींना अपमान वाटला.

मग बोल्ट बसवून मी तीन गोळ्या झाडल्या, बटणाला हात न लावता. तिन्ही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी जवळ पडली, पण ठिपक्याच्या खाली आणि डावीकडे. एकेका गोळीवर बोलायचं नसतं, तिन्हींच्या मध्यावर बोलायचं. चाचांनी पट्टीने मोजलं. या अंतरावर बटणाच्या एका टिचकीला गोळी साधारण पावणेदोन मिलिमीटर सरकते. वर तीस टिचक्या, उजवीकडे वीस. पुढच्या तीन गोळ्या ठिपक्यात.

"माझ्या पन्नास गोळ्या वाया गेल्या म्हणा," दाजी म्हणाले.

चाचा म्हणाले, "बांध को लगे ना. वाया कैसे?"

आता पन्नास मीटरवर खात्री करायची होती. चाचांनी बोल्ट उघडा ठेवला, काडतुसांची मॅगझिन काढून टेबलाच्या कडेला ठेवली, आत बोट घालून पाहिलं आणि सगळ्यांना पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. "मॅडम आगे जा रहे. कोई टेबल को हात नै लगाना," असं दोनदा म्हणाले. मी नवा कागद आणि चार टाचण्या घेऊन निघाले.

कागद लावत असताना मागे गाडीचा आवाज आला. क्लबाच्या कमिटीतले दाजींचे दोन मित्र अध्यक्षांची तयारी पाहायला आले होते आणि गाडी लाल झेंड्याच्या आत घालत होते. चाचा त्यांना अडवायला वळले. गाडी थांबली, मित्र उतरले, शेडमध्ये आले. मी तिसरी टाचणी लावत होते.

मग चाचांचा आवाज आला. मोठा नव्हता. खाणीत आवाज स्पष्ट येतो.

"अध्यक्षसाब. दोनो हात उप्पर. हिलना नै."

मी वळून पाहिलं. टेबलामागे कुणीतरी बसलं होतं, गाल रायफलीला टेकलेला. नळीचं तोंड मला दिसत होतं आणि त्याच्यावर स्कोपचं काळं भिंग. पन्नास मीटर हे फार अंतर नसतं.

दाजींचे दोन्ही हात वर गेले. चाचांनी नळीची दिशा धरून ठेवत बोल्ट मागे ओढला. आतून काडतूस उडालं आणि सिमेंटवर टणकन पडून घरंगळत गेलं. पितळी, भरलेलं.

मी तिथेच खाली बसले. चौथी टाचणी मुठीत होती, ती तळव्यात शिरली ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

नंतर जोडून पाहिलं ते असं. दाजींना मित्रांना दाखवायचं होतं. त्यांनी मॅगझिन परत बसवली, बोल्ट पुढे ढकलला, कारण 'बोल्ट लावल्याशिवाय खरं वाटत नाही', आणि स्कोपमधून पाहून म्हणाले, "मेव्हणीबाई किती जवळ दिसत्यात बघा."

मी शेडमध्ये आले तेव्हा चाचा रायफल पेटीत बंद करत होते.

"आज तुमचं फायरिंग बंद," ते दाजींना म्हणाले. "घरी जावा."

एक मित्र म्हणाला, "चाचा, ते अध्यक्ष हायत. पुढच्या रविवारी पाव्हणे येणार."

"हौ, मालूम है. रेंज ऑफिसर बदलके लाओ, फिर चलाओ. आज मैं हूँ."

दाजींनी हात अजून अर्धे वर धरले होते. मीच ते खाली घ्यायला सांगितले.

गाडी मी चालवली. छावणीच्या बाजारापाशी ते म्हणाले, "मंदाला सांगू नका."

"मी नाही सांगत. तुम्ही सांगा. मी निघायच्या आधी."

"ती लई बोलंल."

"बोलू दे."

जेवताना त्यांनी सुरुवात केली. "आज जरा गडबड झाली रेंजवर." मी भात कालवत राहिले. "म्हणजे मॅगझिन राहिली होती." मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. "मॅगझिन राहिली नव्हती, मीच लावली. मेव्हणीबाई समोर उभ्या होत्या. बोट कुठं होतं ते मला आठवत नाय."

ताई लई बोलली नाही. तिने आमटीची पळी खाली ठेवली, माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काही वेळ उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "उद्या ती रायफल बंदुकांच्या दुकानात जमा करायची. पावती मला दाखवायची. परत कधी आणायची ते चाचा सांगतील, तुम्ही नाय."

"व्हय," दाजी म्हणाले.

तीनला निघाले, वैजापूरला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागे पाऊण तास गेला, साडेआठला नाशिक. ज्यांना या खाणीत जायचं आहे त्यांनी जावं. जागा चांगली, माणूस त्याहून चांगला, रस्ता वर सांगितलाच आहे.

स्पर्धा ठरल्या दिवशी झाली. उद्घाटनाची पहिली गोळी चाचांनी क्लबातल्या सगळ्यात नव्या मुलीला दिली. अध्यक्षांनी लाल झेंडा चढवला. तसा फोटो त्यांनी सगळ्यांना पाठवला, खाली 'सुरक्षिततेचा शुभारंभ' असं लिहून. आता खाणीच्या तोंडाशी नियमांचा मोठा फलक लागला आहे. अर्ध्या फलकावर नियम आहेत आणि अर्ध्यावर दाजी. पहिला नियम मात्र बरोबर आहे: पुढे माणूस असताना रायफलीला हात लावू नये.

मी आता आमच्या रेंजवर कागद बदलायला निघाले की आधी एकेकाला नाव घेऊन पट्ट्यामागे उभं करते. लोक हसतात. मी सगळे उभे राहीपर्यंत थांबते.

गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. फलक कसा वाटला ते विचारलं, पावसाचं विचारलं. मग म्हणाले, "एक विचारू? वळलात तेव्हा मी दिसत होतो का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "फक्त नळी दिसत होती."

मग ताईने तिकडून जेवायला हाक मारली आणि ते "येतो" म्हणाले.